छापील रिपोर्टमध्ये रकाने सरकतात तेव्हा

नागपूरच्या कळमना बाजारातल्या एका अडतीचा, ॲक्सेस या डेटाबेस सॉफ्टवेअरमधून काढलेला आवक रिपोर्ट परवा हातात आला. स्क्रीनवर सरळ, कागदावर मात्र दराचा रकाना झिगझॅग. प्रिंटर बदलायचं चाललं होतं. दोष त्याचा नव्हताच.

मालाच्या नावापुढे स्पेस भरून रकाने जुळवले होते. मराठीत हे जमत नाही. ‘संत्री’ दिसायला दोन अक्षरं, पण डेटाबेस मोजतो सहा: स, अनुस्वार, त, हलन्त, र, वेलांटी. मग नाव स्पेसनी २० अक्षरांपर्यंत भरलं, तरी रुंदी प्रत्येक ओळीत वेगळी पडते. सारख्या रुंदीच्या अक्षरांचा कुरिअर फॉन्टही वाचवत नाही, कारण त्यात देवनागरी नाही. अक्षरं दुसऱ्याच फॉन्टमधून येतात.

म्हणून स्पेस काढा. प्रत्येक फील्डला वेगळा टेक्स्टबॉक्स द्या, डावी कड आणि रुंदी आकड्यात टाका, रक्कम उजवीकडे टेकवा.

उभ्या रेघा तुटतात त्याचं कारण निराळं. ॲक्सेसमध्ये ‘कॅन ग्रो’ चालू असेल तर लांब नावाचा बॉक्स वाढतो, रेघ तेवढीच राहते. ते बंद करा, नाहीतर बॉक्सची उंचीच दोन ओळींची ठेवा.

आणि आधीच छापलेल्या फॉर्मवर छापत असाल, तर प्रिंट करताना ‘फिट टू पेज’ काढून स्केल १०० टक्के करा, नाहीतर मजकूर लहान-मोठा होऊन रकान्यांबाहेर जातो. हे तर मीही विसरतो.