भाड्याच्या घरातली बाथरूमची बुरशी: घासण्याआधी ओल कुठली ते बघा

नाशिकमध्ये बाथरूमला बुरशी आली की सगळे पावसाळ्याला बोल लावतात. पण डिसेंबर-जानेवारीतही ती तेवढीच माजते. पारा दहाच्या आसपास, भिंती गारठलेल्या आणि बादलीत गीझरचं कढत पाणी. वाफ वरच्या कोपऱ्यात जाऊन बसते, तिचं पाणी होतं आणि तिथेच काळे ठिपके धरतात. म्हणून ब्रश हातात घेण्याआधी ओल वाफेची आहे की गळतीची, हे ठरवा.

त्याला दुधाची रिकामी पिशवी पुरते. ती कापून, धुऊन कोरडी करा. पंखा लावून भिंत वरून सुकवा आणि डागावर पिशवी चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावा. एक दिवस तिच्यावर पाणी उडू देऊ नका. थेंब बाहेरून जमले तर वाफ. पिशवी सोडवल्यावर भिंतीकडची बाजू ओली निघाली तर पाणी भिंतीतूनच येतंय. शिवाय डागाच्या कडेने पेन्सिलची रेघ मारून तारीख टाका. घर बंद ठेवून गावाला जाऊन आलात आणि डाग रेघेपुढे सरकलेला दिसला, तर तुमच्या आंघोळीचा काही दोष नाही.

गळती असेल तर फोटो आणि तारीख मालकांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा. नुसत्या फोनवर भागवू नका, डिपॉझिट परत घेताना हेच कामी येतं. वरच्या फ्लॅटच्या टाइल्सचे जॉइंट, नहाणी ट्रॅप (पाणी जायच्या जाळीखालचा भाग), भिंतीतला पाइप यांची दुरुस्ती कोणाकडे आहे ते भाडेकरारात वाचा. ‘रंग मारून देतो’ एवढ्यावर मात्र मान डोलावू नका. ओलीवरच्या रंगाचे पोपडे निघणारच.

ओल वाफेची असेल तर साफसफाई तुमची. हातमोजे, मास्क घाला, खिडकी उघडा. कोरडी बुरशी खरवडू नका, कण घरभर उडतात. आधी ती भिजवा. टाइल्ससाठी चार लिटर पाण्यात एक कप ब्लीच पुरे. दहा मिनिटं ठेवा, जुन्या टूथब्रशने जॉइंट घासा, धुऊन पुसून घ्या. ब्लीचमध्ये टॉयलेट क्लीनर, अ‍ॅसिड किंवा व्हिनेगर चुकूनही मिसळू नका, विषारी क्लोरीन वायू सुटतो. बेसिनच्या कडेचं सिलिकॉन आतपर्यंत काळं पडलं असेल तर घासण्यात दम घालवू नका. कापून काढा, जागा पूर्ण सुकवा आणि नवीन भरा.

पुढे रोजचं काम थोडंच आहे. बादलीत आधी गार पाणी घ्या, मग गरम, वाफ कमी होते. आंघोळीनंतर भिंतीवरून वायपर फिरवा, एक्झॉस्ट वीसेक मिनिटं चालू ठेवा. दाराखाली फट नसेल तर दार थोडं किलकिलं ठेवा, नाहीतर पंखा नुसता गरगरतो, बाहेरची हवा आत येत नाही. ओले टॉवेल आणि पायपुसणं बाथरूममध्ये ठेवू नका. एक्झॉस्टच नसेल तर करार नवा करतानाच मालकांकडे मागा. भाडेकरू हातचा जाऊ नये म्हणून तेव्हा ते सहसा नाही म्हणत नाहीत.