घरगुती बेकरीचं व्हिजिटिंग कार्ड: स्वस्त पडेल असं, वाया जाणार नाही असं

सांगलीत किंवा मिरजेत कुठल्याही डीटीपी सेंटरवर (मजकूर जुळवून छपाई करून देणाऱ्या दुकानात) व्हिजिटिंग कार्डाची चौकशी केली की समोरून पहिला प्रश्न येतो, "हजार करू ना?" हजार केली की एक कार्ड काही पैशांत पडतं आणि शंभर केली की रुपयांत, त्यामुळे माणूस हजाराला हो म्हणतो. घरून केक, बिस्किटं, नानकटाई विकायला नुकतीच सुरुवात केली असेल तर इथे जरा थांबावं.

आकडे उदाहरणादाखल घेऊ, दर तुमच्या छापखान्यात विचारून घाला. ऑफसेटवर हजार कार्डं ९०० रुपयांत मिळाली तर एक ९० पैशांना पडतं. डिजिटलवर शंभर कार्डं ३०० रुपयांत झाली तर एक ३ रुपयांना. आता महिन्याला २० ऑर्डरी आहेत आणि प्रत्येक बॉक्सबरोबर एक कार्ड जातं असं धरा. हजार कार्डं संपायला ५० महिने लागतील, म्हणजे चार वर्षांहून जास्त. तेवढ्या काळात घरगुती धंद्याचा मोबाइल नंबर बदलतो, एगलेस सुरू होतं किंवा बंद होतं, केक मागे पडून बिस्किटंच जास्त खपायला लागतात. दोनशे कार्डं वाटल्यावर मजकूर जुना झाला तर वापरलेलं प्रत्येक कार्ड साडेचार रुपयांना पडलं. उरलेल्या आठशेंच्या पाठीवर किराणाची यादी लिहायची.

म्हणून पहिली छपाई शंभराची, डिजिटलवर. ऑफसेटमध्ये प्लेट बनवून मशीनला लावण्याचा खर्च शंभरालाही तोच आणि हजारालाही तोच. म्हणून तिथे थोडी कार्डं परवडत नाहीत. डिजिटलला प्लेटच नसते. तिथे दर शीटवर ठरतो, त्यामुळे 'एका कार्डाचे किती' असं न विचारता 'तीनशे जीएसएमच्या एका शीटचे किती, दोन्ही बाजूंचे किती, कटिंग धरून का' असं विचारायचं. (जीएसएम म्हणजे कागदाचं वजन, त्यावरून जाडी कळते.) ए-फोर शीटवर १० कार्डं बसतात. १२ बाय १८ इंचाच्या शीटवर मांडणीप्रमाणे २० ते २४. बहुतेक ठिकाणी मोठी शीट स्वस्त पडते, पण दुकानदार ए-फोरचाच भाव आधी सांगतो.

कागद आणि डिझाइन ठरवण्याआधी हे कार्ड जातं कुठे ते बघा. वकिलाचं कार्ड पाकिटात राहतं. बेकरीचं कार्ड केकच्या बॉक्सबरोबर फ्रिजमध्ये जातं, बाहेर आल्यावर दमटपणा धरतं, वाढदिवसाच्या घरात तुपाच्या हातांतून फिरतं आणि शेवटी केक खाल्लेल्या एखाद्या पाहुणीच्या पर्समध्ये पोचतं. पुढची ऑर्डर ती पाहुणी देणार असते. तुमच्या ओळखीचं गिऱ्हाईक कार्ड बघत नाही, त्याच्याकडे नंबर असतोच.

या प्रवासात टिकायचं तर ३०० जीएसएमचं आर्ट कार्ड (गुळगुळीत जाड कागद), पुढच्या बाजूला मॅट लॅमिनेशन (बिनचकाकीचा प्लॅस्टिकचा थर) आणि मागची बाजू कोरी, लॅमिनेशनशिवाय, हे सगळ्यात सोयीचं. मागे बॉलपेनने लिहिता येतं: 'अर्धा किलो, चॉकलेट, ४५०', किंवा पुढच्या ऑर्डरची तारीख. दोन्ही बाजूंना लॅमिनेशन केलं की पेन सरकतं, शाई बोटाला लागते. क्राफ्ट पेपरचं तपकिरी कार्ड दिसायला गोड, 'होममेड' म्हणावं असं. पण त्यावर लोणी-तुपाचा डाग लगेच पारदर्शक होऊन पसरतो. क्राफ्टच हवं असेल तर नानकटाईच्या डब्यापासून लांब ठेवा, फक्त केकच्या बॉक्सवर बाहेरून लावा. न फाटणारं प्लॅस्टिकसारखं एनटी कार्डही मिळतं, पाणी आणि तूप दोन्हीला दाद देत नाही, पण त्यावर साध्या पेनने लिहिता येत नाही आणि ते बहुधा मोठ्या संख्येतच छापून देतात. स्पॉट यूव्ही (निवडक भागावरची चकाकी), सोनेरी फॉइल, गोल कोपरे यांवर पहिल्या शंभरात पैसे घालू नका. तेवढ्यात बॉक्सच्या रिबिनी येतात.

कार्ड बॉक्सच्या आत टाकायचं नाही. छपाईची शाई आणि टोनर (डिजिटल छपाईची भुकटी) खाण्याला लागता कामा नये. झाकणाला बाहेरून डबल टेपचा छोटा तुकडा लावून चिकटवा, म्हणजे न फाटता सुटतं, किंवा रिबिनीखाली सरकवा.

मजकुरात नवखी माणसं कार्डाला मेनूकार्ड करून टाकतात. व्हॅनिला, पायनॅपल, बटरस्कॉच, रेड व्हेल्वेट, कपकेक, खारी, टोस्ट, सगळं साडेतीन इंचात. गरज एवढ्याच गोष्टींची असते: नाव, काय बनवता ते एका ओळीत, व्हॉट्सअ‍ॅप नंबर, भाग, आणि 'ऑर्डर किमान २४ तास आधी'. ही शेवटची ओळ रात्री साडेनऊला येणारे फोन बरेच कमी करते. दर छापायचेच नाहीत. लोणी-मैद्याचे भाव हलले की कार्ड खोटं पडतं. दर आणि फोटो व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसच्या कॅटलॉगमध्ये ठेवा, ते अ‍ॅप फुकट आहे आणि दर हवा तेव्हा बदलता येतो.

पत्ता पूर्ण लिहू नका. घरी दिवसभर एकटी बाई असते आणि कार्ड कुणाच्या हाती जाईल ते आपल्या हातात नसतं. 'विश्रामबाग, सांगली' किंवा 'शंभर फुटी रोड परिसर' एवढं पुरतं, ऑर्डर पक्की झाली की लोकेशन पाठवायचं. पोच देत असाल तर कुठपर्यंत ते मात्र लिहा. 'सांगली-मिरज-कुपवाड' म्हटलं की त्या हद्दीबाहेरच्या माधवनगरचं गिऱ्हाईक आधी विचारून घेतं.

एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी घरगुती बेकरीलाही लागते. तिचा नंबर १४ अंकी असतो. बिलावर तो १ जानेवारी २०२२ पासून बंधनकारक आहे. कार्डावर जागा असेल तर खाली बारीक अक्षरात द्यावा, अनोळखी गिऱ्हाइकाला त्याने धीर येतो. पण नोंदणी व्हायच्या आधी 'अर्ज केला आहे' असलं काही छापू नका, आणि नंबर हाती आल्याशिवाय छपाईलाच देऊ नका. शंभर कार्डांवर नंतर पेनने १४ आकडे लिहिणं फार कंटाळवाणं काम आहे.

दोन-तीन शब्दांच्या बाबतीत जास्त जपावं लागतं. हिरवा ठिपका कार्डावर शोभेसाठी टाकतात, पण अन्नाच्या लेबलच्या नियमांत अंडं मांसाहारात धरलं जातं. त्याच ओव्हनमध्ये अंड्याचे केकही होत असतील तर ठिपका नको, 'एगलेस मिळेल' असं शब्दांत लिहा. गुळाच्या नानकटाईला 'शुगर फ्री' म्हणायची आपल्याकडे सवय झाली आहे. गूळ ही साखरच, आणि नियमाप्रमाणे 'शुगर फ्री' म्हणायला १०० ग्रॅममध्ये साखर अर्ध्या ग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही. 'गुळाची नानकटाई' लिहा, ते जास्त खपतं. नाचणीच्या बिस्किटांचं तसंच. नाचणीत ग्लूटेन नाही, पण 'ग्लूटेन फ्री'ची मर्यादा किलोला २० मिलिग्रॅमची आहे आणि ज्या ओट्यावर मैदा चाळला जातो तिथे ती पाळता येणार नाही.

आता फाइल. आपल्याकडे चालणारा आकार साडेतीन बाय दोन इंच, म्हणजे ८९ बाय ५१ मिमी. डिझाइनमध्ये पार्श्वभूमीला रंग असेल तर तो चारही बाजूंना ३ मिमी जास्त न्यायचा, म्हणजे फाइल ९५ बाय ५७ मिमीची. या जादा भागाला ब्लीड म्हणतात, तो कटिंगमध्ये जातो. तो ठेवला नाही तर कटर अर्धा मिमी सरकला तरी कडेला पांढरी रेघ राहते. तसंच अक्षरं कापायच्या रेषेपासून ४ मिमी आत हवीत. कडेने बारीक चौकट काढायचा मोह टाळा. कटिंग थोडंसं इकडे-तिकडे झालं की चौकट एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला बारीक दिसते आणि अख्खं कार्ड वाकडं वाटतं. चौकट नसेल तर तेवढाच फरक कुणाच्या लक्षातही येत नाही.

कॅनव्हाच्या फुकट आवृत्तीत काम भागतं. डाउनलोड करताना पीएनजी न घेता 'पीडीएफ प्रिंट' घ्या, ब्लीड आणि क्रॉप मार्क (कापायच्या रेषा) या पर्यायावर टिक करा. रंगांबाबत एक ठरलेली निराशा असते. फोनवर झळाळणारा गुलाबी कागदावर मळका उतरतो. पडदा प्रकाशाने रंग दाखवतो, छपाई तो चार रंगांच्या मिश्रणातून करते, आणि झगमगीत गुलाबी-हिरवे त्या मिश्रणात बसतच नाहीत. सुरुवातीलाच फिकट, दुधी रंग घ्या. चॉकलेटी गडद पार्श्वभूमी बेकरीला साजेशी वाटते, पण डिजिटल छपाईत टोनर कागदाच्या वर थरासारखा बसतो. कापलेल्या कडेला तो तडकतो आणि पांढऱ्या टवक्यांची किनार दिसते. पांढरी किंवा साईच्या रंगाची पार्श्वभूमी, त्यावर चॉकलेटी अक्षरं, हे जास्त टिकतं आणि नीट वाचताही येतं.

केकचा फोटो नको. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला फोटो आधीच दाबून लहान झालेला असतो. छपाईला दर इंचाला ३०० पिक्सेल लागतात. इंटरनेटवरून उचललेला फोटो तर मुळीच नको. तो दुसऱ्याच्या मालकीचा असतो, आणि गिऱ्हाईक नेमका तोच केक मागतं.

मराठी अक्षरांनी सगळ्यात जास्त कार्डं बिघडतात. बऱ्याच डीटीपी सेंटरवर कोरलड्रॉ या डिझाइनच्या प्रोग्राममध्ये जुने, युनिकोड (मोबाइलवर चालणारी अक्षरपद्धती) नसलेले फॉन्ट असतात. तुम्ही मोबाइलवर टाइप केलेला युनिकोड मजकूर तिथे चिकटवला की पहिली वेलांटी पुढच्या अक्षरावर जाते, जोडाक्षर फुटून हलन्त दिसतं. 'बिस्किट'चं काय होतं ते बघण्यासारखं असतं. मजकूर मेसेजमध्ये पाठवण्याऐवजी तयार पीडीएफ द्या, आणि डिझाइन तिथेच होणार असेल तर छपाईआधी अक्षरांचे 'कर्व्ह' करायला, म्हणजे अक्षरांच्या आकृत्या करायला सांगा, म्हणजे दुसऱ्या मशीनवर फॉन्ट नसला तरी अक्षर हलत नाही. मुक्त, बालू, नोटो सान्स देवनागरी हे फॉन्ट धंद्यासाठीही फुकट वापरता येतात. 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे आलेत का ते पाहा, सगळ्यांना खटकत नाही पण मराठी डोळ्याला कळतं. 'ऱ्या' नीट उमटतोय का तेही. मात्रा-वेलांट्यांमुळे देवनागरी ८ पॉइंटच्या खाली नेऊ नका. गडद रंगावर पांढरी अक्षरं असतील तर ९ आणि ठळक. फोन नंबर मात्र इंग्रजी अंकांत, पाच-पाचच्या गटात द्या. बारीक छपाईत मराठी एक आणि नऊ पटकन एकसारखे दिसतात.

क्यूआर कोड टाकायचा तर एकच, व्हॉट्सअ‍ॅपचा. पैसे घ्यायचा यूपीआय कोड कार्डावर ठेवला की लोक चुकीचा स्कॅन करतात, शिवाय बँक बदलली की कार्डं बाद. तो मोबाइलवर दाखवावा. व्हॉट्सअ‍ॅपच्या लिंकमध्ये नंबरच्या आधी ९१ लागतं, अधिकचं चिन्ह किंवा शून्य चालत नाही. कोड 'स्टॅटिक' प्रकारचा, म्हणजे लिंक थेट कोडमध्येच असलेला, करा. मधल्या साइटवरून फिरून जाणारा 'डायनॅमिक' कोड बनवणाऱ्या बऱ्याच फुकट साइट मुदत संपली की पैसे मागतात, आणि तोवर तुमची कार्डं वाटून झालेली असतात. आकार किमान दोन सेंटिमीटर, भोवती कोरी जागा, रंग गडद आणि पार्श्वभूमी पांढरी. पांढऱ्यावर फिका गुलाबी कोड सुंदर दिसतो आणि स्कॅन होत नाही.

अगदीच पैसे कमी असतील तर शिक्का. कागदाच्या दुकानातून कापून घेतलेली क्राफ्ट कार्डं आणि एक रबरी शिक्का, बस्स. शाई क्राफ्टमध्ये मुरते म्हणून लवकर वाळते. चकचकीत आर्ट कार्डवर तीच शाई पसरते. शिक्क्यात अक्षर ९ पॉइंटच्या वर ठेवा आणि क्यूआर घालूच नका, बारीक चौकोनांत शाई भरून तो वाचता येत नाही. घरच्या इंकजेटवर छापायचा विचार असेल तर मशीनला किती जाड कागद चालतो ते आधी पाहा. शिवाय त्याची रंगीत शाई साधारणपणे पाण्याने ओघळते. फ्रिजमधून निघालेल्या बॉक्सवर असं कार्ड लावण्यात अर्थ नाही.

प्रूफ (छपाईआधीचा नमुना) स्क्रीनवर मंजूर करू नका. एक शीट साध्या कागदावर खऱ्या मापात काढून घ्या, कोड त्या कागदावरून दोन वेगळ्या फोननी स्कॅन करा, नंबर दुसऱ्या कुणाकडून मोठ्याने वाचून डायल करून घ्या. स्वतःचा नंबर स्वतःला चुकलेला दिसत नाही. दोन्ही बाजूंची छपाई असेल तर शीट उजेडासमोर धरून मागचं-पुढचं किती सरकलंय ते बघा. एक-दोन मिमी सरकणं डिजिटलला चालायचंच, त्यापेक्षा जास्त असेल तर कटिंगआधी सांगा, नंतर उपयोग नाही.

वाटताना प्रत्येक बॉक्सवर एक, आणि मोठ्या वाढदिवसाच्या केकबरोबर चार-पाच सुटी. पार्लर, शिकवणीचा क्लास, सोसायटीचा वॉचमन अशा ठिकाणी ठेवायची कार्डं असतील तर मागच्या कोऱ्या बाजूला पेनने वेगवेगळ्या रंगाचा ठिपका द्या आणि नव्या गिऱ्हाइकाला कार्डाचा फोटो पाठवायला सांगा. कुठल्या जागेवरून ऑर्डर येते ते दोन महिन्यांत कळतं, आणि जिथून काहीच येत नाही तिथे पुन्हा कार्डं ठेवायची नाहीत. शंभर संपली की मजकुरात काय बदलायचं ते ठरवून पुन्हा शंभर छापा. लागोपाठ दोन छपाया एक अक्षरही न बदलता झाल्या आणि महिन्याला पन्नासच्या वर कार्डं जाऊ लागली, की मग त्या डीटीपीवाल्याला हजाराला हो म्हणा.