अ‍ॅड्रेसेबल एलईडी पट्टी जोडताना या चुका टाळा

अ‍ॅड्रेसेबल पट्टी म्हणजे जिचा प्रत्येक एलईडी डेटा वायरीतून वेगळा चालवता येतो. ती लुकलुकायला लागली, रंग भलतेच दिसू लागले की बरेच जण आधी कोड उकरत बसतात. आधी मल्टिमीटर घ्या. सगळे दिवे पांढरे लावा आणि पट्टीच्या शेवटच्या टोकाला व्होल्टेज मोजा. गोम बहुधा वायरिंगमध्येच असते.

डब्ल्यूएस२८१२बी या प्रकारच्या पट्टीतला एक एलईडी पूर्ण पांढऱ्या उजेडात सुमारे ६० मिलिअँपिअर करंट घेतो. मीटरला ६० एलईडी धरले तर ५ मीटर पट्टीत ३००, म्हणजे हिशेबाने १८ अँपिअर. तिला ५ व्होल्ट १० अँपिअरचा सप्लाय लावायचा असेल, तर कंट्रोलरमध्ये, म्हणजे पट्टीला डेटा पाठवणाऱ्या बोर्डात, करंटची मर्यादा घालाच. आणि एवढा करंट कंट्रोलर बोर्डाच्या ५ व्होल्ट पिनमधून कधीही नेऊ नका. पट्टीला सप्लायपासून थेट वेगळ्या, जाड वायरी द्या, प्लसमध्ये फ्यूज टाका.

सुरुवात शुभ्र आणि शेवट पिवळट-लालसर? पट्टीतला तांब्याचा थर पातळ असतो, त्यामुळे पुढे पुढे व्होल्टेज उतरत जातं. लाल एलईडीला २ व्होल्टच्या आसपास पुरतात, निळ्या-हिरव्याला ३ च्या आसपास लागतात. म्हणून निळा आधी मंदावतो आणि लाल उरतो. अशा वेळी दुसऱ्या टोकालाही सप्लाय जोडा, पट्टी लांब असेल तर मध्येही. दोन वेगळे सप्लाय वापरत असाल तर पट्टीवरचा प्लस त्या जागी तोडा, मायनस मात्र सगळ्यांचा एकच ठेवा.

हा मायनस कंट्रोलरच्या ग्राउंडलाही जोडलेला हवा. सर्वाधिक डोकेदुखी इथेच होते: डेटा वायर लावली, ग्राउंड राहिलं, आणि पट्टी वेडेवाकडे रंग फेकत बसली.

ग्राउंड ठीक असूनही लुकलुक थांबत नसेल तर सिग्नल तपासा. ५ व्होल्टवर चालणाऱ्या डब्ल्यूएस२८१२बीला डेटा किमान ३.५ व्होल्टचा लागतो. ईएसपी३२ हा कंट्रोलर देतो ३.३. छोट्या वायरीवर कधी कधी निभावतं, पण त्यावर विसंबू नका, सिग्नल ५ व्होल्टपर्यंत चढवणारी ७४एएचसीटी१२५ चिप लावा. पहिल्या एलईडीजवळ डेटा वायरीत ३३० ओहमचा रेझिस्टर आणि सप्लायवर १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर हवाच. काहीच पेटत नसेल तर पट्टीवरचा बाण बघा. डेटा त्याच दिशेने जातो.

जोडताना आधी ग्राउंड, मग प्लस, शेवटी डेटा. काढताना उलट क्रम. पट्टीचा सप्लाय बंद असताना डेटा चालू राहिला तर पहिला एलईडी जळू शकतो, आणि त्याच्यापुढचे सगळे अंधारात राहतात.