लाटेकमध्ये स्वतःचं पॅकेज कुठे ठेवायचं? या चुका टाळा

गणेशचवथीला आठ दिवस उरले होते. वाड्यावर घुमट वाजवून म्हणायच्या आरत्यांची पुस्तिका फोंड्याला छापायला द्यायची होती आणि लाटेक, म्हणजे पानं जुळवणारा माझा प्रोग्राम, एकच तक्रार करत होतं: 'आरती' नावाची एसटीवाय (मांडणी ठरवणारी स्टाइल) फाइल सापडत नाही. आदल्या वर्षी याच संगणकावर हीच पुस्तिका सुरळीत झाली होती. मधल्या काळात मी टेक लाइव्हची (लाटेकचं सगळं साहित्य एकत्र देणाऱ्या वितरणाची) नवी आवृत्ती घातली होती आणि जागा हवी म्हणून जुन्या आवृत्तीचं फोल्डर पुसलं होतं. कडवी आणि पालुपदं मांडणारी माझी स्टाइल फाइल, म्हणजेच माझं छोटंसं पॅकेज, त्या फोल्डरातच होती. ती पुन्हा लिहायला दोन रात्री गेल्या, त्यातली एक पावसामुळे वीज येत-जात असताना.

वितरणाच्या फोल्डरात आपली फाइल टाकणं

टेक लाइव्ह दरवर्षी नवं येतं आणि वर्षाच्या नावाचं वेगळं फोल्डर करतं: २०२४, २०२५ असं. प्रत्येकात टेकएमएफ-डिस्ट नावाचं फोल्डरांचं झाड असतं आणि हजारो तयार पॅकेजं तिथे राहतात. आपली फाइल तिथे ठेवून टेकची फायलींची यादी ताजी केली की ती चालते, त्यामुळे काही चुकलं असं वाटतच नाही. पण पुढच्या वर्षीच्या झाडात ती आपोआप येत नाही. तिथल्या एखाद्या तयार पॅकेजात हाताने बदल केला असेल, तर ते पॅकेज अपडेट होताच तो बदलही पुसला जातो.

आपल्या फायलींसाठी जागा वेगळी ठरवलेली आहे. तिचं नाव टेकएमएफ-होम. लिनक्सवर आणि विंडोजवर आपल्या होम फोल्डरातलं 'टेकएमएफ', मॅकवर होममधल्या 'लायब्ररी'च्या आतलं 'टेकएमएफ'. हे फोल्डर बहुधा आधी नसतं, आपणच करायचं. आवृत्ती कितीही वेळा बदला, ते जागचं हलत नाही. एकाच संगणकावर अनेकजण काम करत असतील, जसं कॉलेजच्या लॅबमध्ये, तर टेकएमएफ-लोकल वापरा. तिथे लिहायला ॲडमिनचा अधिकार लागतो.

झाड बरोबर, पण खण चुकीचा

ही चूक मला सर्वांत जास्त वेळा दिसते. टेकएमएफ फोल्डर केलं आणि फाइल थेट त्याच्या तोंडाशीच टाकली. छपाईचे खिळे जुळवणारा कंपोझिटर खणांच्या पेटीकडे न बघता हवा तो खिळा उचलायचा, कारण प्रत्येक अक्षराचा खण ठरलेला असे. भारतातला पहिला छापखाना १५५६ साली आपल्या जुन्या गोव्यात आला. खिळे गेले, तरी खणांची ती शिस्त लाटेकच्या मुळाशी असलेल्या टेकमध्ये राहिली आहे. पॅकेजची एसटीवाय आणि क्लासची (दस्तऐवजाचा प्रकार ठरवणारी) सीएलएस फाइल 'टेक'च्या आत 'लाटेक', आणि त्याच्या आत पॅकेजच्या नावाचं फोल्डर, अशी हवी. संदर्भसूचीची शैली ठरवणारी बीएसटी फाइल मात्र 'बिबटेक'च्या आतल्या 'बीएसटी'त जाते. माझ्या भाचीने प्रबंधासाठी मैत्रिणीकडून आणलेली बीएसटी एसटीवायशेजारीच ठेवली होती. पॅकेज चालत होतं, सूची येत नव्हती, आणि ती आठवडाभर स्वतःच्या नोंदी तपासत बसली.

फाइल कुठून उचलली जाते याचा अंदाज बांधू नका, विचारा. टर्मिनलमध्ये केपीएसई-व्हिच हा आदेश आणि पुढे फाइलचं पूर्ण नाव दिलं की तो पूर्ण मार्ग सांगतो. काहीच उत्तर आलं नाही, तर लाटेकलाही ती फाइल दिसत नाही. लिनक्सवर नावातली लहान-मोठी रोमन अक्षरंही जशीच्या तशी लिहा.

यादी ताजी न करणं

टेकएमएफ-लोकलमध्ये फाइल ठेवली की यादी ताजी करणारा एमके-टेक-एलएसआर हा आदेश चालवावाच लागतो, कारण टेक तिथे डिस्क धुंडाळत नाही, तयार यादी बघतं. टेकएमएफ-होमला याची गरज नाही. टेक लाइव्हऐवजी मिकटेक हे दुसरं वितरण वापरत असाल तर मिकटेक कन्सोलच्या सेटिंग्जमध्ये डिरेक्टरीजखाली आपलं झाड आधी नोंदवा, मग फाइलनावांचा डेटाबेस रिफ्रेश करा. नोंदवताना झाडाचं मूळ फोल्डर द्यायचं, आतलं 'टेक' नव्हे.

जुनी प्रत विसरणं

शोधाचा क्रम असा: आधी चालू फोल्डर, मग होम, मग लोकल, शेवटी डिस्ट. म्हणून कधीतरी गरजेपोटी एखाद्या प्रसिद्ध पॅकेजची जुनी प्रत होममध्ये ठेवली असेल, तर अपडेटनंतरही तीच लागू होत राहते आणि भलत्याच ठिकाणी एरर येतात. लॉग फाइलमध्ये प्रत्येक फाइलचा मार्ग छापलेला असतो. एरर समजत नसेल तेव्हा मी आधी तिथे बघते.

डाउनलोडमध्ये पॅकेजचा मूळ स्रोत असलेली डीटीएक्स आणि तो उलगडणारी आयएनएस एवढ्याच फायली मिळाल्या तर त्या तशाच कॉपी करून उपयोग नाही. आयएनएसवर लाटेक चालवा, त्यातून एसटीवाय तयार होते.

फाँटलाही पॅकेजसारखं वागवणं

मराठीसाठी झीलाटेक किंवा लुआलाटेक ही लाटेकची संगणकावरचे फाँट थेट घेणारी रूपं वापरत असाल तर देवनागरी फाँट नेहमीसारखा संगणकावर इन्स्टॉल केला तरी पुरतो. पण काम दुसऱ्याच्या यंत्रावर जाणार असेल, तर फाँटची फाइल पुस्तकाच्याच फोल्डरात ठेवा आणि फाँट निवडणाऱ्या फाँटस्पेक पॅकेजला पाथ या पर्यायातून तिची जागा सांगा. परवाना तशी मुभा देतो का, ते मात्र आधी वाचा.

एकाच पुस्तकापुरती स्टाइल फाइल असेल तर ती इन्स्टॉल करूच नका, मुख्य फाइलशेजारी ठेवा. ब्राउझरमध्येच लाटेक चालवणाऱ्या ओव्हरलीफवरही ती प्रोजेक्टमध्ये अपलोड केली की पुरे. आरत्यांची माझी फाइल आता पुस्तिकेच्या फोल्डरातच असते. चवथीआधी वाड्यावरच्या मुलांना दुरुस्त्या करायला सगळं फोल्डर पेनड्राइव्हवर देते, आणि त्यांच्या संगणकावर पुस्तिका जशीच्या तशी उतरते.