पर्सिमॉनचे कलम आणण्यापूर्वी थंडीचा हिशेब करा

मृग तोंडावर आला की कलमांची खरेदी सुरू होते, आणि हल्ली दोघे-तिघे तरी विचारतात, "पर्सिमॉन लावू का?" फळ देखणे आहे. हिमाचलात त्याला जपानी फळ म्हणतात. पण आगरातली मोक्याची जागा त्याला देऊ नका, असे मी कळकळीने सांगेन.

अडचण थंडीची. हे पानगळीचे झाड. फळायला त्याला हिवाळ्यात सात अंशांखालची थंडी निदान शंभर-दोनशे तास लागते. कुल्लूत ती सहज मिळते. रत्नागिरी-वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर पारा तेवढा उतरतच नाही. झाड जगेल, पालवेल, पण डोळे एकसाथ फुटत नाहीत, फुलोरा मागेपुढे होतो. फळाचा भरवसा धरून कर्ज काढू नये.

हौसच असेल तर एकच कलम घ्या, 'फुयू' जातीचे. त्याचे फळ कडक असतानाही खाता येते. 'हाचिया' जातीचे फळ लोण्यासारखे मऊ होईपर्यंत थांबावे लागते. आधी चावलेत तर कच्च्या काजूबोंडासारखी जीभ आवळते. ते पिकल्या केळ्यांसोबत अढीत घातले की लवकर उतरते.

जमीन दोन पावसांत भिजली की लावा. जागा उताराची हवी, भातखाचराच्या बांधाजवळची नको, कारण मुळाशी पाणी तुंबलेले याला सोसत नाही. कातळ असेल तर तीन फूट खोल खड्डा फोडून माती व कुजलेले शेणखत भरा आणि वर उंचवटा करा. पिशवी काढल्यावर मुळे काळी दिसतील. ती कुजलेली समजून छाटू नका, या झाडाची मुळे काळीच असतात. ती ठिसूळही असतात, म्हणून मुळांभोवतीची मातीची हुंडी फुटू देऊ नका. कलमाचा सांधा मातीच्या वर वीतभर राहू द्या आणि त्याखाली फुटणारे कोंब लगेच खुडा, नाहीतर ज्यावर कलम बांधले तो खुंटच माजतो. पाऊस सरला की आळ्यात पातेरा (सुका पाला) पसरा, खोडापासून चार बोटे लांब.

उत्पन्नासाठी मात्र रातांबाच (कोकम) लावा. तोही कलमाचाच घ्या. बियांपासून वाढवलेल्या रोपांत निम्मी नर निघतात, आणि ते कळायला सात-आठ वर्षे जातात.