अल्ट्रासाऊंड उपचारांच्या सिम्युलेशनमध्ये यायचंय? आधी कागद-पेन घ्या

पुण्यात इंजिनिअरिंग किंवा फिजिक्स करून या कामाकडे वळणारी मुलं हमखास विचारतात, "कुठली लँग्वेज शिकू?" सी प्लस प्लस आणि एमपीआय (अनेक प्रोसेसर्सना एकमेकांशी डेटा बोलायला लावणारी पद्धत) शिकाच. पण क्लस्टरवर, म्हणजे जोडलेल्या अनेक संगणकांवर, जॉब टाकण्याआधी ग्रिड (गणितासाठी जागेत मांडलेल्या बिंदूंची जाळी) किती मोठा होणार, ते हाताने काढा.

केंद्रित अल्ट्रासाऊंडमध्ये शरीराबाहेरून सोडलेल्या लहरी गाठीतल्या तांदळाच्या दाण्याएवढ्या जागेत एकवटतात. तिथलं तापमान ५६ अंशांपुढे गेलं की पेशी सेकंदभरात मरतात. १ मेगाहर्ट्झला मऊ ऊतींत तरंगलांबी साधारण १.५ मिलिमीटर. तीव्रता वाढली की लहर विकृत होते, वरच्या हार्मोनिक्स, म्हणजे मूळ वारंवारतेच्या पटीतल्या लहरी, तयार होतात. दहावी हार्मोनिक पकडायची तर तरंगलांबी ०.१५ मिलिमीटर आणि स्पेक्ट्रल पद्धतीत (लहर साइन लहरींच्या बेरजेने मांडतात ती) दर तरंगलांबीला किमान दोन बिंदू लागतात. २० सेंटिमीटरचा घन घेतलात तर बिंदू होतात सुमारे १,९०० कोटी! सिंगल प्रिसिजनमध्ये (दर आकड्याला ४ बाइट) नुसता दाब साठवायलाच ७६ जीबी. घनता आणि वेगाचे तीन घटक वेगळेच. काम अनेक प्रोसेसर्समध्ये वाटून पॅरलल का करायचं, हे मग कुणी समजावून सांगावं लागत नाही.

खरी कसोटी पुढे आहे. स्पेक्ट्रल पद्धतीतल्या एफएफटीसाठी (लहरीचे साइन घटक झटपट काढण्याची रीत) प्रत्येक प्रोसेसला बाकी सगळ्यांशी डेटाची देवाणघेवाण करावी लागते. त्यामुळे एका टप्प्यानंतर कोअर वाढवूनही वेग वाढत नाही. फायनाइट डिफरन्स या दुसऱ्या पद्धतीत, जिथे जवळच्या बिंदूंमधल्या फरकावरून हिशेब होतो, फक्त शेजारच्या प्रोसेसकडच्या भागाची कड लागते, पण बिंदू जास्त घ्यावे लागतात. दोन्ही छोट्या ग्रिडवर चालवून वेळ मोजा. माझ्या मते पुस्तकापेक्षा हे जास्त शिकवतं.

शहर त्यासाठी चांगलं आहे. १९९१चा परम ८००० हा सुपरकॉम्प्युटर इथल्याच सी-डॅक या सरकारी संगणन संस्थेचा आणि पाषाणला आयसर या विज्ञान संस्थेत परम ब्रह्म हा सुपरकॉम्प्युटर आहे. घरी सुरुवात करायला के-वेव्ह हे ध्वनिलहरींच्या सिम्युलेशनचं मुक्त सॉफ्टवेअर पुरेसं आहे. पहिला नमुना नुसत्या पाण्याचा घ्या आणि वाटीच्या आकाराच्या ट्रान्सड्यूसरचा (लहरी सोडणाऱ्या उपकरणाचा) फोकस ओ'नीलच्या १९४९च्या सूत्राशी पडताळा. तो जुळल्याशिवाय सीटी स्कॅनवरून बनवलेल्या शरीराच्या नमुन्याला हात लावू नका. उष्णतेसाठी पेनेसचं १९४८चं समीकरण वापरतात. रक्तप्रवाह किती उष्णता वाहून नेतो, ते त्यात येतं.

आणि डॉक्टरांना भेटाल तेव्हा एक प्रश्न नक्की विचारा: उपचार चालू असताना पेशंटचा श्वास रोखून धरतात का? श्वासाबरोबर यकृत सेंटिमीटरभर सहज सरकतं, आणि आपला ग्रिड मात्र जागचा हलत नाही.