मिसिसिपीच्या गव्हर्नरांचा पत्रव्यवहार कसा वाचावा: पुनर्रचनेच्या काळातील काउंटीचा कारभार समजून घेण्यासाठी

अमेरिकेतील यादवी युद्ध १८६५ मध्ये संपल्यावर दक्षिणेतील राज्यांना पुन्हा संघराज्यात घेण्याचा आणि मुक्त झालेल्या गुलामांना नागरिक म्हणून उभे करण्याचा जो काळ पुनर्रचनेचा काळ म्हणून ओळखला जातो, त्याचा अभ्यास आपल्याकडे बहुधा वॉशिंग्टनमधील घटनादुरुस्त्यांपासून सुरू होतो आणि तेथेच थांबतो. त्या दुरुस्त्यांचे एखाद्या काउंटीच्या (राज्यातील जिल्ह्यासारख्या विभागाच्या) कचेरीत काय झाले, हे पाहायचे असेल तर गव्हर्नरकडे आलेली पत्रे वाचण्याला पर्याय नाही. मिसिसिपीच्या बाबतीत हे काम घरबसल्या करता येते, कारण जॅक्सन येथील राज्य पुराभिलेखागारातील १८५९ ते १८८२ या काळातील गव्हर्नरांच्या दफ्तराची डिजिटल आवृत्ती खुली होत गेली आहे. शिवाय १८७० च्या जनगणनेनुसार या राज्याच्या ८,२७,९२२ लोकसंख्येपैकी ४,४४,२०१ लोक कृष्णवर्णीय होते. त्यामुळे मताधिकार खरोखर बजावला गेला तर सत्ता कोणाच्या हाती जाईल, हा प्रश्न येथे प्रत्येक पत्राच्या मुळाशी आहे.

पहिले काम पत्रे उघडण्याचे नाही, पदांचा तक्ता तयार करण्याचे आहे. एकच काउंटी निवडावी आणि तिच्यातील प्रत्येक पद, त्या पदावरील व्यक्ती, ती नेमलेली होती की निवडून आलेली आणि तिचा जामीन कोणी दिला, हे एका कागदावर मांडावे. मिसिसिपीत काउंटीचा कर ठरवणे, रस्ते, पूल आणि निराधारांची व्यवस्था ही कामे पाच सदस्यांच्या बोर्ड ऑफ सुपरवायझर्सकडे होती. शेरीफ हा पोलीस अधिकारी असे आणि करवसुलीही त्याच्याकडेच असे, त्यामुळे फीच्या रूपाने मोठी कमाई देणारे ते पद होते. छोटे खटले जस्टिस ऑफ द पीसपुढे चालत, तर वरच्या न्यायालयांचे न्यायाधीश गव्हर्नर सिनेटच्या संमतीने नेमत असे. ही रचना ठाऊक नसेल तर शेरीफविरुद्धची तक्रार आपल्याला गुन्हेगारीविषयीची वाटते; प्रत्यक्षात ती पुष्कळदा कराविषयीची असते.

जामिनाकडे माझ्या मते सर्वाधिक लक्ष द्यावे. निवडून आलेल्या अधिकाऱ्याला पदभार घेण्यापूर्वी मालमत्ताधारकांच्या सह्यांचा बाँड द्यावा लागे आणि मालमत्ता मुख्यतः श्वेतवर्णीयांकडे होती. म्हणून मतपेटीत हरलेला पक्ष जामीन नाकारून जिंकलेल्याला पदापासून दूर ठेवू शकत असे. जॉन रॉय लिंच यांना १८६९ मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी, तेव्हाचे लष्करी अधिकारी आणि पुढे गव्हर्नर झालेले एडलबर्ट एम्स यांनी नॅचेझ येथे जस्टिस ऑफ द पीस नेमले, तेव्हा त्यांनाही असा जामीन शोधावा लागला. हेच लिंच १८७२ मध्ये राज्याच्या प्रतिनिधिगृहाचे सभापती झाले आणि १८७३ मध्ये काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या संसदेत, गेले. आपण निवडलेल्या काउंटीतील बाँडविषयीचे प्रत्येक पत्र वेगळे काढून ठेवावे; हिंसा सुरू होण्यापूर्वीचा संघर्ष त्यांतच दिसतो.

तक्ता झाला की पत्रांकडे वळावे. आलेले पत्र कचेरीत घडी घालून ठेवले जाई आणि त्याच्या पाठीवर कारकून लिहिणाऱ्याचे नाव, ठिकाण, तारीख आणि विषय नोंदवत असे. पाठीवरचा हा शेरा अनेकदा शेवटच्या प्रतिमेवर असतो आणि पत्राची टंकलिखित नक्कल वाचून थांबणाऱ्याच्या नजरेतून तो निसटतो. पत्रात चार पानांची कैफियत आणि शेऱ्यात केवळ 'नेमणुकीसाठी अर्ज' असे असेल, तर कचेरीने त्या माणसाला कसे वाचले हे तेथेच कळते. पत्राचा दिनांक आणि कृतीचा दिनांक वेगळे टिपावेत. जावक पत्रांच्या वहीत उत्तर सापडले तर ते मूळ पत्राला जोडावे. न सापडल्यास उत्तर गेलेच नाही असे मात्र गृहीत धरू नये, कारण बरेच काही तारेने किंवा तोंडी निरोपाने होत असे. पेशवे दफ्तरातील रुमाल ज्यांनी पाहिले असतील त्यांना ही शिस्त नवी वाटणार नाही.

काळाचे टप्पेही आधी आखून घ्यावेत, कारण त्यांप्रमाणे पत्रांचा सूर बदलतो. १८६९ मध्ये एम्स लष्करी अधिकारी या नात्याने स्थानिक पदे भरत होते. २३ फेब्रुवारी १८७० रोजी राज्य पुन्हा संघराज्यात आले आणि गव्हर्नर जेम्स ऑल्कॉर्न यांच्या कारकिर्दीत १८७१ च्या स्थानिक निवडणुकांपर्यंत नेमणुकांची मागणी करणाऱ्या पत्रांचा ओघ राहिला. या शिफारसपत्रांत 'निष्ठावान' या शब्दाचा अर्थ युद्धकाळात संघराज्याच्या बाजूने असलेला, असा घ्यावा. ज्या वर्षी पुण्यात जोतीराव फुले यांनी 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केले, त्याच १८७३ च्या नोव्हेंबरात एम्स गव्हर्नरपदी निवडून आले आणि त्यांच्यासोबत उपगव्हर्नर, सेक्रेटरी ऑफ स्टेट आणि शिक्षण अधीक्षक या तीन राज्यस्तरीय पदांवर कृष्णवर्णीय उमेदवार विजयी झाले. जोतीरावांनी ज्या कार्याचा गौरव केला ते त्या वेळी अर्ध्या वाटेवर होते, हे ही पत्रे वाचताना मनाला सतत लागत राहते.

१८७४ पासून पत्रांतील भीती वाढते. सरावासाठी विक्सबर्गचे प्रकरण घ्यावे. वॉरन काउंटीचे कृष्णवर्णीय शेरीफ पीटर क्रॉसबी यांना डिसेंबर १८७४ च्या आरंभी, नेमके करवसुलीच्या हंगामात, करदात्यांच्या संघटनेच्या जमावाने राजीनामा लिहायला भाग पाडले. ७ डिसेंबरला त्यांच्या मदतीसाठी शहराकडे निघालेल्या कृष्णवर्णीयांवर हल्ला झाला. काँग्रेसच्या समितीने २९ कृष्णवर्णीय आणि २ श्वेतवर्णीय ठार झाल्याचे नोंदवले. जानेवारी १८७५ मध्ये संघराज्याचे सैन्य आल्यावर क्रॉसबी पदावर परतले. येथे करदात्यांच्या तक्रारी खोट्या ठरवून बाजूला सारू नयेत. युद्धानंतर शाळा आणि न्यायालये उभारताना जमिनीवरील कर खरोखर वाढला होता आणि काही ठिकाणी अफरातफरही झाली होती. मात्र प्रत्येक आरोपापुढे दोन प्रश्न लिहावेत: न्यायालयाचा मार्ग उपलब्ध असताना बंदूक का उचलली गेली, आणि हीच मागणी श्वेतवर्णीय अधिकाऱ्याविरुद्ध झाली का?

आता सर्वांत महत्त्वाचा धडा, म्हणजे सप्टेंबर १८७५ चा पत्रव्यवहार. ४ सप्टेंबरला क्लिंटन येथे रिपब्लिकन पक्षाच्या, म्हणजे एम्स यांच्या आणि बहुतेक कृष्णवर्णीय मतदारांच्या पक्षाच्या, सभेत गोळीबार झाला आणि त्यानंतरचे काही दिवस आसपासच्या भागात कृष्णवर्णीयांना शोधून मारण्यात आले. एम्स यांनी राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांच्याकडे सैन्य मागितले. ग्रँट तेव्हा न्यू जर्सीतील लाँग ब्रँच येथे होते; त्यांनी १३ सप्टेंबरला ॲटर्नी जनरल एडवर्ड्स पिअरपाँट यांना पत्र लिहिले आणि पिअरपाँट यांनी त्यातील निवडक मजकूर उद्धृत करून १४ तारखेला एम्स यांना उत्तर दिले. दक्षिणेत दर शरद ऋतूत उसळणाऱ्या दंगलींना जनता कंटाळली आहे, हे वाक्य तेवढे गाजले. परंतु ग्रँट यांच्या पत्रात, गव्हर्नरची मागणी संविधान आणि कायद्याला धरून असेल तर ती टाळता येणार नाही, असेही होते, आणि दंगलखोरांना पांगण्याचा जाहीरनामा काढावाच लागला तर सैन्य पोरखेळ करणार नाही, असेही होते. म्हणून ग्रँट यांचे पत्र, पिअरपाँट यांचे उत्तर आणि वृत्तपत्रांनी छापलेला भाग हे तिन्ही शेजारी ठेवून ओळ न ओळ ताडून पाहावेत. वगळलेले वाक्य हादेखील पुरावा असतो, आणि धोरण कोणत्या टेबलावर वळले हे त्यावरून ठरवता येते.

याच आठवड्यांतील एम्स यांची खासगी पत्रे सरकारी पत्रांसोबत वाचावीत. १३ ऑक्टोबरला त्यांनी डेमोक्रॅट नेते जे. झेड. जॉर्ज यांच्याशी समझोता केला: राज्याची मिलिशिया (नागरिकांचे सशस्त्र दल) थांबवली जाईल आणि निवडणूक शांततेत होईल. त्याच्या आदल्याच दिवशी पत्नी ब्लान्श यांना लिहिलेल्या पत्रात मात्र ते म्हणतात की शस्त्रबळाने क्रांती झाली आहे, एका वंशाचा मताधिकार हिरावला गेला आहे आणि दुसऱ्या गुलामगिरीचे युग येत आहे. केवळ समझोत्याचा कागद वाचणाऱ्याला गव्हर्नर आशावादी वाटला असता.

दुसऱ्या, म्हणजे डेमोक्रॅट, बाजूच्या पत्रांसाठी १८७५ च्या या निवडणुकीची चौकशी करणाऱ्या अमेरिकी सिनेटच्या बाउटवेल समितीचा १८७६ चा दोन खंडांतील अहवाल पाहावा. त्यात जॉर्ज यांच्याशी झालेल्या तारांची देवाणघेवाण छापलेली आहे. तारेची भाषा त्रोटक असल्याने प्रत्येक तार त्या दिवसाच्या घटनेशी जुळवून वाचावी लागते. त्याच अहवालात, ज्यांनी गव्हर्नरला कधी पत्र लिहिले नाही अशांच्या साक्षी आहेत. मिलिशियाचे नेतृत्व करणारे कृष्णवर्णीय राज्य सिनेटर चार्ल्स कॅल्डवेल यांची डिसेंबर १८७५ मध्ये क्लिंटन येथे हत्या झाली. त्यांच्या पत्नीने समितीपुढे दिलेली साक्ष कोणत्याही शासकीय पत्राहून अधिक सांगते, आणि ती सावकाश, पूर्ण वाचावी.

शेवटी आपला पदांचा तक्ता निकालाशी ताडावा. यॅझू काउंटीत शेरीफ अल्बर्ट मॉर्गन यांना सप्टेंबर १८७५ मध्ये जीव वाचवून पळावे लागले आणि जिथे पूर्वी रिपब्लिकनांचे बहुमत होते तिथे नोव्हेंबरच्या निवडणुकीत त्या पक्षाला ७ मते पडली. २९ मार्च १८७६ रोजी एम्स यांनी राजीनामा दिला आणि जॉन स्टोन गव्हर्नर झाले. स्टोन यांच्या दफ्तरात त्याच काउंटीची पत्रे काढून सह्यांची नावे जुन्या नावांशी जुळवावीत. जी नावे गळाली असतील ती १८८० च्या जनगणनेत आधी त्याच काउंटीत आणि मग कॅन्ससमध्ये शोधावीत, कारण १८७९ मध्ये मिसिसिपी आणि लुइझियाना सोडून हजारो कृष्णवर्णीय लोक तिकडे गेले होते.